व्याह्यांसाठी एक जाड पेन

मी स्वतः लाकडाची पेनं बनवतो. त्यांतल्या एकाही पेनानं आजवर कोणी काही लिहिलेलं नाही.

लिहिता येत नाही असं नाही बरं का! निब चालते, शाई उतरते, टोपी बसते, सगळं व्यवस्थित आहे. फक्त ते पेन हातात धरता येत नाही. आमची मुलगी स्नेहल म्हणते, "बाबा, हे पेन आहे की बॅटची मूठ?" बायको काही म्हणत नाही, ती वापरते. एक पेन तिनं गॅलरीच्या खिडकीला टेकू म्हणून लावलंय. दुसऱ्यानं लसूण ठेचते. (चांगला ठेचला जातो, असं पाहुण्यांसमोर सांगते!)

आता पेन जाड का होतं, ते सांगतो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालो आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक छोटा लेथ आणून बसवला. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, तो तुकडा लेथवर गरागरा फिरवायचा आणि वरून पटाशी लावून सोलत सोलत बारीक करायचा. निब, क्लिप, टोपीची कडी हे सगळं विकत मिळतं. आपण करायचं ते एवढंच, की वेळेवर थांबायचं.

पहिल्या पेनाच्या वेळी मी थांबलोच नाही. सोलतोय, सोलतोय, आणि एकदम आतली पितळ चमकायला लागली! बायको चहा घेऊन आली होती. तिनं चष्मा वर करून बघितलं. "अहो, ह्यात लाकूड कुठाय?" मी म्हटलं, "खाली पडलंय." दुसऱ्या वेळी तुकडा तडकला आणि अर्धा माझ्या कानाजवळून गेला. तेव्हापासून मी जो धसका घेतलाय! मन म्हणतं, अजून थोडं सोल. हात म्हणतो, पुरे की आता! आणि मी मन मारून हाताचं ऐकतो.

लेथच्या भुशाबद्दल घरात काय काय बोललं गेलं, ते इथं लिहीत नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या सांडग्यांवर बाभळीचा भुसा बसला, एवढंच सांगतो. "खोबऱ्याचा कीस म्हणून खपवते आता," असं बायको म्हणाली आणि मला वाटतं तिनं खपवलाही.

पण छंदाची खरी चटक लागली ती जुन्या लाकडाची. नवं लाकूड काय, कुठल्याही वखारीत मिळतं! पेनाला पाहिजे मुरलेलं लाकूड, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं, हात लागलेलं. मी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "येताना पेढे आणू नका, जुनं लाकूड आणा!" आणि माणसं खरंच आणायला लागली हो! मंगळवेढ्याचे साडूभाऊ एसटीतून बाजेचा अख्खा खूर घेऊन आले. (कंडक्टरनं विचारलं, "बाकीची बाज मागनं येतीय का?") कुणी तिफणीचा तुकडा दिला, कुणी मोडकी घडवंची. बायकोच्या मावशीनं तर सोललेला ऊस पाठवला. दिसायला लाकडासारखा होता, म्हणाली.

अशातच स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा अमोल, कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचा, पुण्यात नोकरीला. सोन्यासारखं स्थळ. काळजी एकच होती, ती म्हणजे अमोलचे वडील. निवृत्त हेडमास्तर. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो आणि त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभा राहतो. बोलणं इतकं कमी, की साखरपुड्यात त्यांनी दोनदा "हूं" म्हटलं तर विहीणबाई म्हणाल्या, "आज फार खुशीत आहेत."

त्याच साखरपुड्यात मी बघितलं, गुरुजींनी खिशातून आपलं फाउंटन पेन काढलं, रुमालानं पुसलं, टोपी फिरवून उघडलं, पाकिटावर आहेर लिहिला, पुन्हा पुसलं आणि लहान बाळाला पाळण्यात ठेवावं तसं खिशात ठेवलं. माझं काळीज सुपाएवढं झालं!

"गुरुजी, पेनाची आवड दिसते तुम्हाला!"

"हूं."

"मी स्वतः बनवतो!"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. भुवई जराशी वर गेली. मी त्याच क्षणी ठरवलं, माझ्या हातचं पेन ह्या माणसाच्या खिशाला लागलेलं बघायचं. दुसरं काही नको. नाहीतरी मुलीच्या बापाला लग्नात दुसरं असतं काय? सगळं बायका ठरवतात, आपण मांडववाल्याला हो म्हणायचं.

घरी आल्यावर बेत सांगितला.

"नको हो," बायको म्हणाली.

"बाबा, प्लीज!" स्नेहलनं हातच जोडले. "लग्न व्हायचंय अजून माझं!"

"अगं, ह्या वेळी बारीक करतो की!"

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होता. ते पेन खिडकीत आहे."

पण मी मागे हटतोय होय! फक्त लाकूड तसं पाहिजे होतं. व्याह्यांना काय बाजेचा खूर द्यायचा?

आणि लाकूड चालून आलं. करकंबला माझी थोरली बहीण असते, आम्ही तिला अक्का म्हणतो. वय झालंय, पण आवाज अजून दोन शेतं ओलांडून जातो. लग्नाच्या आधी तिनं टेंपोतून ज्वारीचं पोतं पाठवलं आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी भयंकर जड. हमालांनी ते गॅलरीत आदळलं आणि विचारलं, "काय मढं भरलंय का काय ह्यात?" अक्काची काहीतरी लग्नाची वस्तू असेल, आली की ती बघेल, म्हणून मी ते उघडलंच नाही. उलट लेथच्या टेबलाच्या खालच्या फळीवर ढकलून दिलं. लेथ चालवताना टेबल थडथड हलायचं, ते एकदम हलायचं थांबलं. मला अक्काचं कौतुक वाटलं. लांब बसून किती उपयोगी पडते!

मग बायकोनं ज्वारी डब्यात भरायला पोतं उघडलं आणि दाण्यांतून बाहेर आलं एक लाकूड! वीत-दीड वीत लांब, गोल, काळंभोर, तुळतुळीत. कुठं चीर नाही, गाठ नाही. हाताच्या घामानं आणि तेलानं असं मुरलेलं, की नुसतं गालाला लावत बसावं. मी लावलंही. (बायको म्हणाली, "भाकरीला पीठ मळताना कधी माझ्याकडे असं बघितलं नाही!") मी लगेच करकंबला फोन लावला.

"अक्का, पोत्यात लाकूड सापडलं गं!"

"घावलं न्हवं? मी मुद्दाम जवारीत घातलं. टेंपोत कुटं सांडंल म्हणून."

"लई झकास आहे!"

"आईच्या हातचं हाय त्ये. नीट ठिव."

"नीट? अगं, सोनं करतो त्याचं! तू बघच!"

"सोनं? आरं, काय करतूस काय..."

"ते आल्यावर बघ!" असं म्हणून मी फोन ठेवला. तेव्हा अक्काला आणखी एक वाक्य बोलू दिलं असतं, तर मला हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आईच्या हातचं लाकूड! माझे तर डोळेच भरून आले. अक्काला माझा छंद कळला, आणि तिनं आईची आठवण पाठवली, तीही नेमकी लेकीच्या लग्नात. ह्याचंच पेन व्याह्यांना द्यायचं! मी लेथ सुरू केला. खाली अक्कानं पाठवलेलं ओझं, वर अक्कानं पाठवलेलं लाकूड, मध्ये मी. असं पेन माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पटाशी लोण्यातून जावी तशी जात होती. भुशाला चक्क पिठाचा वास येत होता. (ह्या वासावरून तरी मला कळायला नको का? नाही कळलं!) काचपेपर मारला, पॉलिश चढवलं, निब बसवली. रंग तर असा आला, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

जाडी? आता जाडीचं काय, हात ऐनवेळी म्हणाला, पुरे की! आईचं लाकूड, पातळ करवेना. थोडं जाडच राहिलं. थोडं म्हणजे, टोपी काढून धरलं तर अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नव्हते.

"हे गुरुजींच्या खिशात जाणार?" बायकोनं विचारलं.

"का नाही?"

"खिसा वेगळा शिवून घ्यावा लागेल, म्हणून विचारलं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. लाल मखमलीची डबी आणली, तीत पेन बसेना म्हणून बांगड्यांची मोठी डबी आणली. कापून काढलेला शेवटचा शेंडा तेवढा उरला होता, तो टाकवला नाही म्हणून गॅलरीतल्या फळीवर ठेवला.

लग्नाआधी मुहूर्ताची हळद दळायचा दिवस उजाडला. त्याच दिवशी गुरुजी आणि विहीणबाई बस्ता बांधायला सोलापुरात येणार होते. कापडखरेदी आटोपून संध्याकाळी आमच्याकडे चहाला. तेव्हाच डबी त्यांच्या हातात ठेवायची, असं माझं ठरलं होतं. मी सकाळपासून "गुरुजी, ही एक छोटीशी भेट" हे वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होतो.

अक्का दुपारच्या एसटीनं आली. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "जातं कुटं हाय?"

"कसलं जातं?"

"आरं, टेंपोतनं धाडलेलं! आईचं जातं! हळद काय तुझ्या टकुऱ्यावर दळायची व्हय?"

शोधाशोध झाली आणि ताडपत्री सापडली. "आगं बया!" अक्का गॅलरीतून ओरडली. "ह्ये मशिनीखाली कुणी कोंबलं?"

"लेथ हलू नये म्हणून, अक्का."

"आईचं जातं तुझ्या मशिनीचं बूड धराया धाडलं व्हतं का मी?"

बायकांनी जातं दिवाणखान्यात आणलं, धुतलं, पुसलं. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाची हळद ह्याच जात्यावर दळलेली. माझ्या लग्नाचीही. शेजारच्या बायका जमल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या लक्ष्मी वहिनी तेलुगूत सुनेला हाका मारत आल्या. स्नेहल पाटावर बसली. हळकुंडं आली, सुपारी आली, आंब्याची पानं माझ्या हातात होती. अक्का मांडी घालून बसली, वरच्या तळीच्या भोकात बोट घातलं आणि सहज म्हणाली, "सुनंदा, खुंटा आण गं."

सुनंदा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "खुंटा कुठाय, अक्का?"

"आता गं! जवारीच्या पोत्यात व्हता की! प्रवासात जात्याचा खुंटा काडूनच ठिवत्यात. मी बाळूला फोनवर सांगितलं न्हाय का, आईच्या हातचं हाय, नीट ठिव म्हणून?"

बाळू म्हणजे मी. माझ्या हातातून आंब्याची पानं गळाली. ते पिठाचा वास येणारं, तुळतुळीत, हाताच्या घामानं मुरलेलं लाकूड! जात्याचा खुंटा! वरची तळी फिरवायला धरतात तो! आणि तो आता कपाटात, बांगड्यांच्या डबीत, क्लिप लावून पडलेला!

"शोधा, शोधा!" मी ओरडलो आणि सगळ्यांत जोरात मीच शोधायला लागलो. पोतं उलटं केलं. दिवाणखाना ज्वारीनं भरला. सोफ्याखाली शिरलो. लक्ष्मी वहिनींना उठवून त्यांच्या खालची सतरंजी झटकली. फ्रीज उघडून बघितला! तेव्हा बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती मला चांगलं ओळखते. घरात कुठलीही वस्तू मी कधी शोधत नाही, हे तिला माहीत आहे. तिनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, ते लाकूड..."

"हूं," मी म्हणालो. (गुरुजींसारखं!)

"अगं बाई गं! खुंटा सोललात?"

"हळू! बारीक कुठं झालाय फारसा..."

"आता अक्काला कोण सांगणार?"

"तू सांग ना."

"मी? मी तर म्हणत होते, पेन नको म्हणून!"

"मिक्सरवर नाही का होणार हळद?"

बायकोनं नुसतं बाहेर बोट दाखवलं. बाहेर अक्का सांगत होती, "जात्याची हळद न्हाय तर माझ्या भाचीच्या अंगाला हळद न्हाय. आन् हळद न्हाय तर लगीन कसलं? मी आपली रातच्या गाडीनं परत!" स्नेहल पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. रडवेली झाली होती पोरगी. पोरीच्या लग्नात तिची आत्या उठून गेली, तर हे ती मला जन्मभर ऐकवणार होती, आणि बरोबरच ऐकवणार होती.

मी म्हटलं, घाबरायचं काय कारण? आपल्याकडे लेथ आहे! नवा खुंटा करून देतो! बाजेचा खूर उचलला, लेथवर चढवला आणि बटण दाबलं. पण लेथचं बूड धरणारं जातं आता दिवाणखान्यात होतं, हे घाईत विसरलो. टेबल असं थडथडायला लागलं, की फळीवरच्या बाटल्या नाचू लागल्या. मी पटाशी लावली मात्र, खूर सुटला! गॅलरीच्या दारातून सुसाट गेला, दिवाणखान्यात टप्पा खाल्ला, ज्वारीवरून घसरत घसरत आला आणि थेट जात्याला जाऊन टेकला. सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एकीलाही लागलं नाही, हे नशीब.

अक्कानं तो खूर उचलून फिरवून बघितला. "ह्यो बाजंचा खूर हाय," ती शांतपणे म्हणाली. "माजा खुंटा कुटं हाय?"

आणि उठून गॅलरीत आली. मी फळीसमोर आडवा उभा राहिलो. अक्कानं मला लहानपणी बाजूला करायची तसं एका हातानं बाजूला केलं. फळीवर तो शेंडा होता, पेन करून उरलेला. तिनं तो उचलला, अंगठा फिरवला आणि तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. अक्काच्या! दोन शेतं ओलांडणाऱ्या!

"ह्यो तर शेंडा हाय रं," ती म्हणाली. "आईच्या खुंट्याचा."

ती तिथंच भुशात बसली. शेंडा मुठीत धरून. मला फार वाईट वाटलं. आई पहाटे दळायला बसायची तेव्हा अक्का तिच्यासमोर बसायची आणि दोघींचे हात त्याच खुंट्यावर असायचे. मी तेव्हा आईच्या मांडीवर झोपलेलो असायचो. मला त्या लाकडात पेन दिसलं, तिला त्यात आई दिसत होती.

"चुकलं, अक्का," मी म्हणालो. "मला वाटलं, तू माझ्यासाठी पाठवलंस."

"आरं, तुला लाकूड कशाला धाडीन मी?"

"सगळे पाठवतात."

"सगळे यडे हायती! बाकीचा कुटं हाय? जाळला का काय?"

"नाही! आहे! चांगला आहे!" मी धावत जाऊन डबी आणली आणि तिच्या हातात दिली. नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली. बस्ता बांधून गुरुजी आणि विहीणबाई दारात उभे!

बायको त्यांना आत घेऊन आली. समोर ज्वारीचा सडा, मधोमध बोडकं जातं, पाटावर रडवेली नवरी, आणि भुशानं माखलेला मुलीचा बाप. गुरुजी ज्वारीवरून जपून पावलं टाकत आले. अक्का डबी घेऊन दिवाणखान्यात आली, डबी उघडली आणि माझी भेट सगळ्यांसमोर वर धरली.

"ह्ये काय हाय?"

"पेन," मी म्हणालो. "गुरुजींसाठी."

"ह्ये पेन?" अक्कानं ते मुठीत धरलं. मग आणखी घट्ट धरलं. तिचा चेहरा बदलला. ती खाली बसली, पेनाचं बूड जात्याच्या भोकाला लावून बघितलं. किंचित सैल होतं, पण किंचितच! "सुनंदा, चिंधी दे गं. आन् वरवंटा आण."

"अक्का, थांब!" मी झेप घेतली. "निब! निब तरी काढू दे!"

टोपी फिरवली, पुढचा निबेचा भाग काढून घेतला, टोपी पुन्हा घट्ट बसवली. अक्कानं बुडाला चिंधी गुंडाळली, पेन भोकात उभं केलं आणि वरवंट्यानं टोपीवर ठोकलं. ठक! माझं पॉलिश तडकलं. ठक! कडी चेपली. ठक! पेन असं बसलं, की हलेना. पितळी नळी आतून होतीच, मोडायचा प्रश्नच नव्हता. अक्कानं एक फेरा दिला. जातं घरघरलं, आणि बायकांनी हुश्श केलं.

"लई गच बसलं की!" अक्का म्हणाली. "बाळ्या, जरा बारीक केलं असतंस, तर आज माझं जातं बोडकंच ऱ्हायलं असतं!"

माझ्या पेनाच्या जाडीचं जाहीर कौतुक झालं, ते आयुष्यात हे एकदाच.

मग हळकुंडं घातली, आंब्याची पानं माझ्या पेनाला बांधली आणि सुवासिनी दळायला बसल्या. पेन आखूड, हात फार. बोटांवर बोटं ठेवून ओढत होत्या. क्लिपमध्ये लक्ष्मी वहिनींची बांगडी अडकली, ती सोडवायला थांबावं लागलं. पण हळद निघाली! पिवळीधमक! अक्कानं आईच्या आवाजात ओवी धरली. आईचं लाकूड जात्यातून निघून, पेन होऊन, जात्यातच परत आलं होतं. स्नेहल रडत रडत हसत होती.

इतका वेळ गुरुजी हाताची घडी घालून बघत उभे होते. ते हळूच माझ्याजवळ आले, जात्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "इदेनु?" (म्हणजे कानडीत, हे काय?)

आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? "गुरुजी," मी म्हणालो, "ही तुम्हाला एक छोटीशी भेट." वाक्य इतक्या वेळा म्हणून बघितलं होतं, ते सोडवेना.

गुरुजींनी पेनाकडे बघितलं. फिरणाऱ्या पेनाकडे. आणि एकदम खो खो हसायला लागले! विहीणबाई घाबरून उठल्या. त्यांनी हे लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं म्हणे. हसता हसता गुरुजी म्हणाले, "वाचलो की हो! अमोलनं सांगितलं होतं, सासरे पेन देणार आहेत. रोज खिशाला लावून हिंडावं लागणार, म्हणून मी झोपलो नव्हतो!"

"सांगून टाकलं?" स्नेहल किंचाळली. "मी अमोलला गुपचूप सांगितलं होतं!"

गुरुजींनी डोळे पुसले, हात पुढे केला. "निब मात्र चांगली दिसतीय. देता का ती?" मी निब दिली. त्यांनी रुमालात पुसली, खिशात ठेवली. म्हणजे व्याह्यांना माझी भेट शेवटी आवडली. तीत मी बनवलेला भाग तेवढा नव्हता.

लग्न थाटात झालं. अक्का पेनासकट जातं घेऊन करकंबला गेली. आता भावकीत कुणाचं लग्न निघालं, की तेच जातं जातं आणि लोक मुद्दाम बघायला येतात. "ह्ये सोलापूरच्या बाळूचं पेन," असं अक्का सांगते. माझ्या सगळ्या पेनांमध्ये नेमानं कामावर जाणारं ते एकच.

परवा तिचा फोन आला. "बाळ्या, पेन आखूड पडतंय रं. एक चांगला लांब खुंटा करून धाड की."

मला काय आनंद झाला! आयुष्यातली पहिली ऑर्डर! बाजेचा तोच खूर घेतला. आत पितळी नळी नाही, म्हणून पितळ दिसायची भीती नाही, हात कुठं थांबतोय! काय ती धार, काय ती फिरत! काचपेपर मारला, पॉलिश केलं आणि एसटीच्या पार्सलमधून रवाना केला. अक्काचा लगेच फोन आला. फोन बायकोच्या हातात होता, तिनं स्पीकर लावला.

"बाळ्या, आरं ह्यो काय खुंटा म्हणायचा? लई बारीक झालाय! मुठीत घावत न्हाय, भोकात डुगडुगतोय. ह्येनं दळायचं का लिवायचं?"

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अभिनंदन," ती म्हणाली. "जमलं की हो तुम्हाला शेवटी पेन!"